पहिली एलिस घेताना

इंग्लंडमधील हेथेल येथे तयार झालेली पहिल्या पिढीची लोटस एलिस ही स्पोर्ट्स कार घेण्याचा तुमचा विचार वाचून मनापासून आनंद झाला. रंगरूपावर भाळण्याआधी गुडघे टेकून विजेरीच्या प्रकाशात तिचा ॲल्युमिनियमचा सांगाडा नीट पाहावा. त्याचे भाग इपॉक्सी गोंदाने जोडलेले असल्यामुळे अपघातात तो वाकला, तर पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोव्हरच्या १.८ लिटर के-सीरिज इंजिनाचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा व खालचा भाग यांमधले गळती रोखणारे पातळ अस्तर, हे तिचे जुने दुखणे आहे. इंजिन थंड असताना तेलाचे झाकण स्वतः उघडावे. आत सायीसारखा पिवळसर थर दिसला, तर ती गॅस्केटमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तेलात मिसळल्याची खूण असू शकते; पण कूलंटची पातळीही तपासावी, कारण हिवाळ्यात जवळच्या फेऱ्यांनीही असा थर धरतो. गॅस्केट आधीच बदललेले असल्यास पावत्या मागाव्यात.

गंजाची काळजी मात्र सस्पेन्शनच्या पोलादी भागांपुरतीच करावी, कारण बॉडी फायबरग्लासची आहे. जेमतेम सव्वासातशे किलोंच्या या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे वळणावर चाकाखालचा खडासुद्धा तळहाताला कळतो, आणि त्याच अनुभवासाठी मी आजही तिला जपतो.