गॅस कटिंगसाठी घरगुती गाइड

कटिंग टॉर्च (गॅसच्या ज्वालेने लोखंड कापायचं हत्यार) सरळ रेघेत चालवायला गाइड, म्हणजे टेकवून न्यायला सरळ कड, हवीय ना? मग मोटर, ट्रॅक वगैरे भानगडीत आत्ताच पडू नकोस. 10-12 मिमी प्लेट सरळ कापायला 40 × 40 × 5 मिमीचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) आणि तो प्लेटला आवळायला दोन सी-क्लॅम्प पुरेत. अँगल भंगारातला चालेल, पण कड सरळ हवी; दोरा ताणून आधी बघून घे.

खरी गोम मापात आहे. अँगल थेट रेघेवर लावायचा नाही. नोजलच्या (टॉर्चच्या ज्वाला निघते त्या टोकाच्या) मध्यापासून त्याच्या अँगलला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर मोज आणि अँगल तेवढा मागे सरकव. कट स्वतः दोनेक मिमी माल खातो, त्याची निम्मी सूट टाकाऊ बाजूला धर. दरवेळी टेप लावायचा कंटाळा येतो, म्हणून त्या रुंदीची एक पट्टी कापून गेज म्हणून खिशातच ठेव.

उंचीचं म्हणशील तर हात थकला की नोजल खाली येतंच. टॉर्चच्या डोक्याला पट्टीचा क्लॅम्प करून दोन्ही बाजूंना जुनी बेअरिंग चाकांसारखी बसव. प्रीहीटच्या (प्लेट तापवणाऱ्या ज्योतीच्या) निळ्या शंकूचं टोक प्लेटच्या साधारण 3 मिमी वर राहिलं पाहिजे. बेअरिंगमधलं ग्रीस मात्र पूर्ण काढ. ऑक्सिजनजवळ तेल-ग्रीस अजिबात नको.

पेटवण्याआधी एकदा कोरडी फेरी मार, होज (गॅसची नळी) कुठे अडकतो ते तेव्हाच कळतं. कापताना ठिणग्या वर उसळल्या तर तुझी घाई होतेय, आरपार जात नाहीये. आणि प्लेट कोब्यावर ठेवून कापू नकोस, सिमेंट तडतडून तोंडावर उडतं. खाली मोकळी जागा राहील असे लोखंडी टेकू दे.