दिमोनाच्या आजीविषयी लिहिताना

प्रिय मुली,

शालोम.

तुझे पत्र आणि सोबतचा कच्चा मजकूर दोन्ही मिळाले. आजीच्या 'श्लोशीम'ला, म्हणजे तिला जाऊन तीस दिवस पूर्ण होतील त्या दिवशी, कुटुंब जी छोटी पुस्तिका काढणार आहे, तिचा मराठी भाग तुझ्याकडे आला याचे मला आश्चर्य वाटले नाही. इथल्या, इस्राएलमधल्या, तिच्या नातवंडांना मराठी समजते, थोडीफार बोलताही येते, परंतु देवनागरी वाचता येत नाही. तेव्हा ठाण्यात मराठी शाळेत शिकलेली, तिच्या धाकट्या दिराची नात एवढीच या कामाला उरली. मात्र एक लक्षात ठेव. हा भाग वाचणार आहेत त्या तिच्या वयाच्या आठ-दहा बायका, ज्यांनी तिच्याबरोबर साठ वर्षे काढली आहेत. त्यांना शोभेचे वाक्य चालणार नाही.

तुझ्या मजकुराच्या पहिल्याच पानावर 'त्यागमूर्ती' हा शब्द तीनदा आला आहे. आजीने तो वाचला असता तर चष्मा काढून विचारले असते, "ही कोण बाई?" परमुलखात जाऊन संसार उभा करणाऱ्या बाईविषयी लिहायचे म्हटले की कष्ट, त्याग, अश्रू हे शब्द आपोआप लेखणीवर येतात आणि त्यांत खोटे काही नसते, पण ते कोणत्याही आजीला लागू पडतात. तुझी आजी ९३ वर्षे जगली आणि त्यांतली बहुतेक वर्षे मजेत जगली. तू जे लिहायला हवेस ते हे आहे, आणि ते त्यागापेक्षा लिहायला कठीण आहे, कारण दुःखाचे कारण वाचकाला सांगावे लागते, तर आनंदाचा पुरावा द्यावा लागतो. 'ती सदा आनंदी असे' हे वाक्य पुरावा नव्हे.

पुरावा कसा असतो ते सांगते. ती नवी नवी दिमोनाला आली तेव्हाची ही गोष्ट आहे. वाळवंटातले हे गाव १९५५ मध्ये वसलेले, म्हणजे तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचे, आणि शेजार मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांचा. तिला हिब्रू येत नव्हती आणि शेजारणीला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. आजीने दार वाजवले की शेजारीण आतून विचारी, "मी?" आणि ही बाहेरून ठणकावून सांगे, "मी!" पुन्हा आतून "मी?", पुन्हा बाहेरून "मी!" हा संवाद दोघींपैकी एकीला हसू फुटेपर्यंत चाले. खरा शब्द तिला पंधरा दिवसांतच कळला होता. तरीही पुढे चाळीस वर्षे, शेजारीण जाईपर्यंत, तिने त्या दारावर दुसरे उत्तर दिले नाही. शिवाय हिब्रूत 'ही' म्हणजे 'ती' हे कळल्यावर तिने उल्पानमधल्या, म्हणजे नवागतांच्या हिब्रू वर्गातल्या, मास्तरांना सांगितले होते की तुमची अर्धी भाषा मला घरूनच येते. एवढे लिहिलेस की 'आनंदी' हा शब्द तुला लागणार नाही.

आता अवघड भागाकडे येते. तू १९६४ सालाला एकच ओळ दिली आहेस आणि 'काही अडचणी आल्या' असे म्हणून पुढे गेली आहेस. असे करू नकोस. आपण बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके कोकणात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्राम, पाळत राहिलो, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोकांनी आपल्याला शनवार तेली म्हटले, आणि इथे आल्यावर विवाहनोंदणीच्या वेळी आपल्याच धर्माधिकाऱ्यांनी आपल्या वंशाची चौकशी मागितली. त्याआधी, १९५२ मध्ये, इथल्या वागणुकीला कंटाळून काही कुटुंबे मुंबईला परतही गेली होती. आजीच्या धाकट्या नणंदेचे ठरलेले लग्न या चौकशीपायी अडले. जेरुसलेमला धरणे सुरू झाले तेव्हा आजी कडेवर मूल आणि हातात चपात्यांचा डबा घेऊन गेली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, आणि त्यानंतर वाट मोकळी झाली. लग्नात आजी इतकी नाचली की तिची चप्पल तुटली, हे सर्वांनी पाहिले आहे, पण ज्या कारकुनाने नणंदेला "तुम्ही नक्की कोण?" असे विचारले होते, त्याला तिने मरेपर्यंत माफ केले नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दोन्ही लिही. आनंदी माणसाला राग येत नसतो अशी एक भाबडी समजूत आहे. माझा अनुभव असा की ज्याला नीट रागावता येते त्यालाच मनापासून हसता येते. हा राग चरित्रातला डाग समजून पुसून टाकलास, तर उरलेले हसू रिकामटेकडे वाटेल.

तिची जन्मतारीख नक्की कोणती, हे तू मला विचारले आहेस. ओळखपत्रावर एक तारीख आहे, तर तिचा भाऊ ती दोन वर्षांनी मोठी असल्याचे सांगे. ती स्वतः म्हणे की माझा जन्म पुरीमच्या सणाच्या आदल्या रात्रीचा, साल आईला विचारा, आणि आई तर केव्हाच गेलेली. यावर निवाडा देत बसू नकोस. तिन्ही उत्तरे जशीच्या तशी दे. वाढदिवसाला इथे '१२० वर्षे जगा' असा आशीर्वाद देतात, तेव्हा ती म्हणे, "आधी सुरुवात कुठून मोजायची ते ठरवा." घराण्याच्या मूळ कथेलाही हीच वागणूक दे. नवगावजवळ जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरेची कथा आहे. ती 'आजी सांगे' असे म्हणून सांग, इतिहास म्हणून नको. आडनावातला 'कर' मात्र कोकणातल्या कोणत्या गावचा, ते न चुकता नोंदव. इथे आल्यावर तिच्या थोरल्या मुलाने आडनाव बदलले, आणि त्याच्या मुलांना ते गाव नकाशावर दाखवता येणार नाही.

गिरणीतल्या नोकरीचा भाग तू चांगला लिहिला आहेस. त्याला हात लावू नकोस. मलिद्याचा, म्हणजे नवसाच्या नैवेद्याचा, परिच्छेद मात्र पाककृतीसारखा झाला आहे. पोहे, गूळ, खोबरे, वेलदोडे आणि फळे आमच्या सगळ्यांच्याच ताटात असतात. तिचे वेगळेपण असे की सुरुवातीच्या वर्षांत ओला नारळ मिळेना, तेव्हा एलियाहू हन्नाबीला, म्हणजे ज्याच्या नावाने मलिदा करतात त्या प्रेषिताला, आपली अडचण समजत असेल, असे म्हणून तिने सुक्या खोबऱ्यावर भागवले, आणि पहिला नारळ हाती आला त्या दिवशी कोणताही नवस नसताना मलिदा केला. कारण विचारले तर म्हणाली, "नारळ आला, हे कारण थोडे आहे का?"

शेवटी, मजकुरात तू स्वतः कुठेच नाहीस. १९९२ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्णपणे जुळल्यावर ये-जा सुकर झाली आणि ती दोनदा ठाण्याला आली. दुसऱ्या खेपेस तू आठ वर्षांची होतीस आणि तिने तुझा हात धरून तुला तिथल्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनामंदिरात, नेले होते. तिथे ती तुझ्या कानात काय बोलली आणि दोघी कशावरून इतक्या हसलात की लोकांनी मागे वळून पाहिले, हे परत आल्यावर तिने मला कधीच सांगितले नाही. मी तीनदा विचारले होते. तेव्हा ते तूच लिहायला हवेस, आणि सुरुवातीलाच लिही.

तिची गाण्यांची वही माझ्याकडे आहे. आपल्या बायका मराठी कीर्तनातली पदे अशा वह्यांमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून ठेवत; तिच्या वहीत पदांच्या मधूनमधून वाण्याचा हिशेब आणि नातवंडांच्या उंचीची मापेही आहेत. पुढच्या आठवड्यात माझा भाचा मुंबईला येत आहे, त्याच्या हाती ती पाठवते. मापे छापायची, हिशेबही छापायचा. मधल्या दोन पानांवर हळदीचा मोठा डाग आहे. तो कशाचा ते मला माहीत आहे, पण तू तिच्या धाकट्या सुनेला फोन करून विचार. निदान तासभर तरी हाताशी ठेव.

तुझी,
मावशी