घड्या वाकड्या येत असतील तर आधी कागद तपासा

तुमचा प्रश्न असा: मुलीचा सातवा वाढदिवस आहे, सजावट आणि मैत्रिणींना द्यायच्या भेटी ओरिगामीच्या हव्यात, त्याही मुलांनीच केलेल्या. हजार पक्ष्यांची माळ जमेल का? आणि मुलांच्या घड्या वाकड्या येतात, त्या 'मागाहून नीट कशा करून घ्याव्यात'?

हजारांचा नाद सोडा. जपानी सेन्बाझुरूत, म्हणजे हजार कागदी पक्ष्यांच्या माळेत, साधारणपणे २५ दोऱ्यांवर चाळीस-चाळीस क्रेन (क्रौंच पक्षी) ओवतात, आणि ते बहुधा अनेक हातांचं काम असतं. सात वर्षांच्या मुलीला एक क्रेनसुद्धा एकटीने जड जातो. वरचा थर उचलून दोन्ही कडा आत घ्यायच्या, त्या पाकळीच्या घडीला मुलं हमखास अडकतात. त्याऐवजी कागदी फुग्यांची माळ करा. तोच तो, शेवटी भोकातून फुंकर मारली की टम्म फुगून ठोकळा होतो. फुंकर मारायला मिळते म्हणून मुलं आधीच्या घड्या निमूटपणे करतात.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या 'मागाहून नीट करून घ्याव्यात' या शब्दांमुळे. नका करू. अजिबात नका करू.

माझ्या मुलाच्या आठव्या वाढदिवसाला त्याने आणि त्याच्या चुलत भावंडांनी क्रेन केले होते. कुणाची मान जाड, कुणाचा एक पंख दुसऱ्यापेक्षा लांब. मुलाने स्वतःच्या एका पक्ष्याची चोच उलट्या बाजूला दुमडली होती आणि तो मागे वळून बघतोय असं तो सगळ्यांना सांगत होता. रात्री मुलं झोपल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते सगळे उतरवले, स्वतः बसून नवे केले आणि टांगले. त्यांचा हात सुबक आहे, त्यात वाद नाही. सकाळी मुलगा मान वर करून माळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "आई, मागे बघणारा कुठे गेला?" जाऊबाई म्हणाल्या, "अरे, फोटोत चांगलं दिसायला नको का?"

मी कचऱ्याच्या पिशवीतून ते पक्षी काढले, बोटांनी सरळ केले आणि दारातच, येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिसतील असे टांगले. त्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. त्यांचं म्हणणं आजही हेच, की सुबक वस्तू डोळ्यांसमोर असली की मुलं सुबक करायला शिकतात. मला हे साफ अमान्य आहे. आपलं काम टाकण्याच्या लायकीचं होतं, एवढंच मूल त्यातून शिकतं.

आणि घड्या वाकड्या का आल्या होत्या? कागदामुळे! जाऊबाईंनी मुलांसाठी कागदांचा गठ्ठा अंदाजाने कात्रीने कापला होता आणि स्वतःसाठी तयार चौरस कागदांचं पाकीट वापरलं. मुलांच्या उरलेल्या कागदांतला एक मी त्यांच्यासमोर कर्णावर दुमडला, तर कडेला दोन-तीन मिलिमीटरची पट्टी बाहेर. क्रेनमध्ये प्रत्येक घडी आधीच्या घडीवर बेतलेली असते. सुरुवातीची तूट वाढत वाढत शेवटी मान आणि शेपटीच्या टोकाला गोळा होते. टोकाला टोक जुळवलं तर कड जुळत नाही, कड जुळवली तर टोक सुटतं. मुलाने करायचं तरी काय?

म्हणून मोठ्यांनी करायचं काम एकच: कागद अचूक चौरस द्यायचा. ए-फोर कागदाचा कोपरा तिरका दुमडून जादाची पट्टी कापली की २१ सेंटीमीटरचा चौरस मिळतो. प्रत्येक कागद दोन्ही कर्णांवर दुमडून तपासा. पक्ष्याला कागद पातळ हवा, छपाईचा ८० ग्रॅमचा कागद लहान मापात शेवटच्या घड्यांना फार जाड होतो. कागदाच्या रंगीत बाजूला मधोमध पेन्सिलने ठिपका द्या. चौकोनी पायाघडी, म्हणजे क्रेनची सुरुवातीची चौकोनी घडी, झाली की जिथे ठिपका ते बंद टोक. मुलं बहुतेक वेळा उघडं टोक आणि बंद टोक यातच फसतात. घडी टेबलावर, नखाने दाबून. हातात धरून नाही.

भेटींसाठी मासू, म्हणजे चौकोनी डबी, करायला घ्या. झाकणाला १५ सेंटीमीटरचा कागद आणि तळाला १४.५ चा घेतला की झाकण बरोबर बसतं. डबी होते जेमतेम सव्वापाच सेंटीमीटरची, त्यामुळे आत मावेल अशीच वस्तू ठरवा. नऊ-दहा वर्षांची मुलं मदतीला असतील तर त्यांना सोनोबेचे, म्हणजे एकमेकांत खोचता येतील असे घडीचे कागदी, तुकडे द्या. सहा तुकडे एकमेकांत खोचले की गोंदाशिवाय ठोकळा तयार होतो. शेवटचा तुकडा बसवताना तेवढा तुम्ही हात धरा.

किती आधी सुरुवात करायची ते मुलांच्या उत्साहावर आहे, पण एका बैठकीत सगळं उरकू नका. कंटाळलेल्या मुलाची घडी चौरस कागदावरही वाकडीच येते, हे जाऊबाईंच्या बाजूने मान्य करते. चार-पाच वर्षांचं भावंड असेल तर त्याला कुत्र्याचं तोंड पुरे, डोळे तो रंगवेल. फुग्यांच्या आत दिवे सोडणार असाल तर फक्त गार राहणारे एलईडी, आणि सगळी माळ मेणबत्त्यांपासून लांब.

माळ मात्र मुलं जागी असतानाच टांगा. कोणाचं कुठे लावायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि घरात कुणी सुबक हाताचं असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा की त्यांची माळ वेगळी, दुसऱ्या भिंतीवर.