सीलिअ‍ॅक असलेल्या मुलाला भाकरीच देतोय, तरी टीटीजी का उतरत नाही?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले: दहा वर्षांच्या मुलाला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. सहा महिने पोळी, पाव, बिस्किटं बंद करून तुम्ही त्याला ज्वारी-तांदळाची भाकरी देताय, तरी टीटीजीचा, म्हणजे या आजारासाठीच्या रक्ततपासणीचा, आकडा जागचा फारसा हललेला नाही. आता धाकट्या मुलीसकट सगळ्या घराचाच गहू बंद करावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. मला स्वतःला हा आजार आहे आणि माझं जेवण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळावर चालतं. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी धीर धरा. सुरुवातीचा आकडा खूप वर असेल तर काटेकोर पथ्य पाळूनही तो नॉर्मलला यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. पण तो खाली सरकत राहायला हवा. सरकतच नसेल तर कुठून तरी गहू पोटात जातोय, आणि माझा पहिला संशय गिरणीवर आहे.

ज्वारीत ग्लुटेन नसतं. ज्वारीच्या पिठात मात्र असू शकतं. गिरणीत आपल्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. दगडांमध्ये, खालच्या पेटीत, पीठ पडतं त्या कापडी नळीत बरंच पीठ अडकून राहतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या डब्यात उतरतं. म्हणून तर आपण ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असं सांगून थांबून राहतो. भाकरी चांगली व्हावी यासाठी तेवढं पुरतं, या आजारात पुरत नाही. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. कणकेत ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली, तरी ती मर्यादा ओलांडली जाते. पाव ग्रॅम डोळ्यांना दिसणारही नाही.

जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीच पडू देऊ नका. आधी गहू दळलेली कुणाची जुनी घेऊ नका. दळायच्या आधी ज्वारी ताटात घेऊन निवडा, कारण बाजारातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. घरघंटीचा खर्च लगेच झेपणार नसेल तर सध्या दळण लागणारच नाही असे पदार्थ वाढवा: तांदूळ आणि उडीद भिजवून वाटलेल्या आंबोळ्या, कोकणातले घावन, भिजवलेल्या ज्वारीची धिरडी, वरीचा भात, मुगाचे डोसे. धान्य निवडून, धुऊन, घरच्याच मिक्सरवर वाटलं की गिरणीचा संबंधच येत नाही. मला विचाराल तर या एका बदलाचा फायदा बाकी सगळ्या पथ्यापेक्षा मोठा आहे.

दुसरा संशय फोडणीवर. डबीतला नेहमीचा हिंग म्हणजे बांधानी हिंग. त्यात हिंगाचा अर्क थोडा आणि बाकी डिंक व पीठ असतं, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. आपल्या आमटी-भाजीत तो रोज दोन्ही वेळा पडतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीवर नीट वाचून तो आणा किंवा शुद्ध खडा हिंग वापरा. मेतकुटात पारंपरिक कृतीप्रमाणे गहू असतो. थालीपिठाच्या विकतच्या भाजणीतही बहुधा असतोच, तेव्हा दोन्ही घरी गव्हाशिवाय करा, चवीत फार उणं पडत नाही. सातूचं पीठ गव्हाचं असो की जवाचं, दोन्ही वर्ज्य. जव चालत नाही म्हणून माल्ट (मोड आणलेले जव) घातलेली दुधात टाकायची पावडर आणि माल्ट लावलेले कॉर्नफ्लेक्सही बंद. ‘नाचणीची बिस्किटं’ म्हणून मिळतात त्यांत मैदा किती आहे ते मागे वाचा. ओट्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, साध्या ओट्समध्ये गहू आणि जव मिसळलेले असतात.

आणि खपली गहू. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की खपली पचायला हलका, मुलाला तो चालेल. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, तो अजिबात देऊ नका.

स्वयंपाकघरात कणकेची परात आणि भाकरीची परात वेगळी ठेवा. चाळणी आणि लाकडी पोळपाट-लाटणं तर वेगळं हवंच, ती कितीही घासली तरी त्यांतली कणीक पूर्ण निघत नाही. करंज्या-शंकरपाळे तळलेल्या तेलात मुलाचे पापड तळू नका. तुपाच्या भांड्यात पोळीचा चुरा लागलेला चमचा जाऊ देऊ नका, त्याच्यासाठी तूप वेगळ्या वाटीत काढून ठेवा.

आजी-आजोबांना ‘एवढ्याशा पोळीने काय होतं’ असं वाटत असेल तर त्यांना डॉ. विलेम डिके यांच्याबद्दल सांगा. हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे अन्नाचा भयंकर तुटवडा होता, पाव मिळेना, आणि इतर लोक उपासमारीने खंगत असताना सीलिअ‍ॅकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात तो मांडला.

सणावाराचं मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण मुलाला सर्वात जास्त तिथेच लागतं. आपल्याकडे उपासाचा सगळा फराळ त्याच्या कामाचा आहे: राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा. त्यात हिंगही पडत नाही. फक्त पिठं आणताना गिरणीचीच काळजी घ्या आणि साबुदाण्यावर भर देऊ नका, त्यात पिठूळपणाखेरीज काही नाही. नाचणीने कॅल्शियम मिळतं, ते या मुलांना फार लागतं. गणपतीत उकडीचे मोदक तांदळाचेच असतात. पुरणपोळीच्या दिवशी पुरण वाटीत तूप घालून द्या, किंवा तेच पुरण तांदळाच्या उकडीत भरा. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो आणि प्रसाद नाकारायचा कसा म्हणून घरचे अडतात. पण पोथीतच गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं घ्यावं असं सांगितलंय. भटजींना आधी सांगा आणि सगळा प्रसाद तांदळाच्या रव्याचा करा, म्हणजे तुमच्या मुलाला सगळ्यांच्या पंक्तीत बसून तोच प्रसाद घेता येईल.

आता सगळ्या घराच्या गव्हाबद्दल. घरात गहू नसणं सोयीचं आहेच, पण लगेच बंद करू नका. सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि त्रास काहीच नसला तरी असू शकतो. म्हणून धाकटीची आणि तुम्हा दोघांची टीटीजी तपासणी करून घ्या. ही तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. बंद करून काही महिने गेले की आकडा उतरतो आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मुलीची उंची कमी भरत असेल किंवा हिमोग्लोबिन सारखं खाली जात असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. ती तपासणी होईपर्यंत तिच्या डब्यात पोळी चालू ठेवा.