दहा टॅबलेट, चाळीस मुलं आणि बाकीचे प्रश्न

या वेळच्या टपालात टॅबलेटखेरीज दुसरा विषयच नाही. सारखी पत्रं मी एकत्र केली आहेत. मी स्वतः विज्ञान शिकवते, त्यामुळे उदाहरणं त्याच अंगाने येतील. भाषेच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : सहावीचा वर्ग, मुलं ४०, टॅबलेट १०. चौघांत एक दिला तर एक जण हाताळतो, दुसरा हिसकावतो आणि उरलेले दोघे खिडकीबाहेर बघतात. वर मुख्याध्यापकांचं म्हणणं, आठवड्याला तीन तास वापर झालाच पाहिजे आणि त्याची नोंद हवी. वेळापत्रक कसं बसवू?

ताई, वेळापत्रकाचं नंतर बघू. आधी चौघांत एक हे गणित सोडून द्या. दोघांत एक द्या, म्हणजे २० मुलांकडे टॅबलेट येतील. उरलेली २० मुलं त्याच धड्याचं कागदावरचं किंवा साहित्याचं काम करतील. अर्ध्या तासिकेनंतर अदलाबदल. प्रत्येकाला एकेक मिळाला असता तरी मी जोड्याच केल्या असत्या. एकटं मूल टॅबलेटवर मुकाट्याने चुकत राहतं. जोडीदार असला की त्याला बोलावं लागतं, आणि कुठे अडलंय ते आपल्या कानावर पडतं.

जोडीला माझा एक नियम असतो : बोट एकाचं, डोकं दुसऱ्याचं. ज्याच्या हातात टॅबलेट आहे त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. दुसरा सांगेल तेवढंच करायचं, न पटलं तर विचारायचं. पाच-सात मिनिटांनी भूमिका बदलायच्या. पहिल्या आठवड्यात कटकट होते. मग हिसकाहिसकी थांबते, कारण टॅबलेट हातात असण्यात फारसा मान उरत नाही.

आता काम काय द्यायचं? टॅबलेटला कॅमेरा आहे, मायक्रोफोन आहे, हालचाल ओळखणारा संवेदक आहे. एवढं सगळं असताना त्यावर व्हिडिओ बघत बसायचं हे मला पटत नाही. एक काम सविस्तर सांगते, ते तुमच्या वर्गात जसंच्या तसं करता येईल.

भिंतीला एक मीटरची पट्टी उभी लावा. टॅबलेट पुस्तकांच्या चळतीला टेकवून, कॅमेरा पट्टीच्या मध्याच्या उंचीवर येईल असा ठेवा. हातात धरून चित्रण केलं तर पुढचं सगळं फुकट जातं. भडक रंगाचा चेंडू पट्टीच्या वरच्या टोकापासून नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. पण सोडण्याआधी मुलांना कागदावर लिहायला लावा : सारख्या वेळाच्या अंतराने फोटो काढले, तर चेंडू पट्टीवर कुठे कुठे दिसेल? बरीच मुलं सारख्या अंतरावर खुणा करतात. करू द्या, दुरुस्त करू नका.

साधं चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं, म्हणजे ३० स्थिर चित्रांचं असतं. एक मीटर पडायला चेंडूला साधारण ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे तेरा-चौदा फ्रेम हाती येतात. दर चार फ्रेमनंतर चेंडू कुठे आहे ते पट्टीवर वाचायचं. उत्तर वरच्या टोकापासून ९, ३५ आणि ७८ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं. मधली अंतरं सुमारे ९, २६ आणि ४३, म्हणजे जवळपास १ : ३ : ५. सहावीला सूत्र सांगायची गरज नाही. आपल्या खुणा आणि पडद्यावरच्या खुणा शेजारी ठेवून मुलं जे बोलतात तोच तुमचा धडा. मुलांचे आकडे दोन-चार सेंटिमीटरने इकडेतिकडे होतील. चेंडू नेमक्या कोणत्या फ्रेमला सुटला हे ठरवताना भांडणं होतील. ती भांडणं मोलाची असतात.

दोन व्यावहारिक गोष्टी. खाली येताना चेंडूचा वेग सेकंदाला चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे अंधाऱ्या वर्गात तो लांबट, पुसट दिसतो. भरपूर उजेडात करा. आणि टॅबलेटच्या गॅलरीत व्हिडिओखालची पट्टी बोटाने सरकवली की फ्रेम निसटतात. एकेक फ्रेम पुढे नेणारं ॲप आदल्या दिवशीच टाकून ठेवा.

मोजून झालं की टॅबलेट पालथा. हे मी अगदी कडकपणे पाळते. चर्चा चालू असताना उजळलेला पडदा समोर असेल तर मुलं एकमेकांकडे बघतच नाहीत.

हे जमलं की पुढे फायफॉक्स बघा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप आहे, टॅबलेटच्या संवेदकांनी लंबकाचा आवर्तकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) किंवा दोन टाळ्यांमधला वेळ मोजता येतो. गणितासाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं ॲप : त्रिकोणाचा एक कोपरा बोटाने ओढायचा आणि तिन्ही कोनांची बेरीज जागची हलते का ते बघायचं. बोटाने ओढण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. एका खडूने फळ्यावर असे शंभर त्रिकोण कोण काढणार?

राहिले तुमचे तीन तास. तास मोजायला सोपे असतात म्हणून मोजले जातात. मुख्याध्यापकांना एक उदाहरण जरूर सांगा. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले होते. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेने प्रसिद्ध केला. सुमारे १५ महिन्यांनी पाहिलं तेव्हा यंत्रांचा वापर भरपूर वाढला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत त्याने फरक पडलेला दिसला नाही. नोंदवहीत तासांच्या रकान्याशेजारी ‘मुलांनी काय तयार केलं’ असा आणखी एक रकाना आखून घ्या. भरताना तुम्हालाच कळेल कोणता तास वाया गेला.

प्रश्न : पहिलीच्या मुलांना ठिपक्यांवरून अक्षर गिरवायचं ॲप दिलं आहे. पडद्यावर सगळ्यांना चांदण्या मिळतात. वहीत मात्र ‘क’ काढता येत नाही. ॲप बदलू का?

सर, ॲप बदलून फरक पडेल असं मला वाटत नाही. अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक छोटा अभ्यास केला होता, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही अक्षरं मुलांनी स्वतः हाताने काढली, काही गिरवली, काही कीबोर्डवर दाबली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं. वाचनाशी निगडित भागांची जागृती हाताने काढलेल्या अक्षरांना ठळक दिसली. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांना तशी नाही. अक्षरं रोमन होती आणि मुलं थोडी होती, हे लक्षात ठेवूनही मला हे पटतं. स्वतः काढलेला ‘क’ दर वेळी जरा वेगळा, जरा वाकडा येतो. मुलाला ते सगळे ‘क’च आहेत हे ओळखावं लागतं. ठिपक्यांवरून जाणाऱ्या बोटाला काहीच ठरवायचं नसतं, आणि काच बोटाला अडवतही नाही.

म्हणून ॲपमध्ये रेघ कुठून सुरू होते आणि कुठे वळते एवढं एकदा दाखवा आणि बंद करा. पुढचं काम पाटीवर, कागदावर, वाळूत. टॅबलेटच वापरायचा असेल तर चित्रकलेचं कोरं पान उघडून द्या, ठिपके नकोत.

आणि पहिलीच्या टॅबलेटचा त्याहून चांगला उपयोग सांगू? आवाज. मुलाने चार ओळी मोठ्याने वाचायच्या, ध्वनिमुद्रित करायच्या, मग पुस्तकावर बोट ठेवून स्वतःचंच वाचन ऐकायचं. गाळलेला शब्द मूल स्वतः पकडतं. जोडाक्षरं टाइप करताना रडकुंडीला येणारी मुलं गोष्ट मात्र धडाधड सांगतात, तीही अशीच साठवता येते. शाळेने पालकांची परवानगी घ्यावी आणि ध्वनिमुद्रण शाळेबाहेर पाठवू नये, एवढं पथ्य.

प्रश्न : काही मुलांच्या बोटाला पडदा दादच देत नाही. यंत्र खराब आहे का?

बहुधा नाही. हा पडदा दाब ओळखत नाही. काचेखाली पारदर्शक, विद्युतवाहक रेषांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते. अगदी कोरडं बोट, जाड संरक्षक काच किंवा साधा हातमोजा असला की बदल कमी पडतो. ओल्या हाताने पडदा गोंधळतो. लहान मुलं लिहिताना तळहात काचेवर टेकवतात, तोही स्पर्शच समजला जातो. हात पुसायला लावा, काच मऊ ओलसर फडक्याने पुसा (फवारा थेट काचेवर नको). चार्जिंग चालू असतानाच पडदा आपोआप उड्या मारत असेल तर चार्जर बदलून पाहा, हलक्या प्रतीच्या चार्जरमुळे असं होतं.

प्रश्न : पाठ फिरली की मुलं खेळ उघडतात. पक्कं कुलूप कोणतं?

पक्कं कुलूप नसतं. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या शाळांनी आयपॅड वाटले, तेव्हा मुलांनी काही दिवसांतच बंधनं काढून टाकली होती. तरी एकच ॲप उघडं ठेवायची सोय जरूर वापरा : आयपॅडवर गायडेड ॲक्सेस, अँड्रॉइडवर ॲप पिनिंग. त्याहून जास्त फायदा वर्गाच्या मागच्या बाजूला उभं राहून शिकवण्याचा, कारण तिथून सगळे पडदे दिसतात.

आणि खेळणाऱ्याला शेवटच्या बाकावर बसवा. शिक्षा म्हणून नव्हे. कॅनडात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१३ च्या प्रयोगात, शेजारच्याचे लॅपटॉपवरचे इतर उद्योग ज्यांच्या नजरेत येत होते त्यांना चाचणीत सुमारे १७ टक्के कमी गुण मिळाले. उद्योग करणाऱ्यांचंही नुकसान झालं होतं, पण या बिचाऱ्यांनी तर काहीच केलं नव्हतं.

प्रश्न : मी पालक आहे. पुढच्या वर्षीपासून सर्व पुस्तकं टॅबलेटवरच, असं शाळेने कळवलं आहे. विरोध करावा का?

सरसकट विरोध नको. गोष्टीची पुस्तकं खुशाल पडद्यावर वाचू द्या. माहितीच्या मजकुराबाबत मात्र शाळेशी बोला. ५४ अभ्यास आणि १,७०,००० हून अधिक वाचकांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं दिसलं, आणि वेळेचं बंधन असलं की फरक वाढला. गोष्टींच्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हा विज्ञान, भूगोल आणि परीक्षेच्या तयारीचं छापील पुस्तक घरी असू द्यावं, एवढी मागणी रास्त आहे. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी दूर बघणं आणि रोज मोकळ्या उजेडात खेळणं.

प्रश्न : मोठ्या सुट्टीत टॅबलेट कसे ठेवायचे?

पूर्ण भरून नाही, पूर्ण उतरवूनही नाही. बॅटरी निम्म्याच्या आसपास असताना बंद करा, आवरणं काढा, थंड कोरड्या कपाटात उभे ठेवा, चार्जर लावून ठेवू नका. सुट्टी लांबली तर मध्ये एकदा कुणीतरी बॅटरी तपासावी. बॅटरी फुगून पाठ उचललेली दिसली तर तो टॅबलेट चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायलाही जाऊ नका. बाजूला काढून दुरुस्तीवाल्याकडे द्या.