स्लायडर ५० वर का अडकतो?

प्रश्न: स्क्रिप्टमधे स्लायडरची व्हॅल्यू ५ ते ५० मधेच ठेवायचीय, तीही १० च्या स्टेपने. राउंड करून (जवळच्या स्टेपवर आणून) मग क्लॅम्प (मर्यादेबाहेरचा आकडा मर्यादेवर आणणं) लावला तरी कधीकधी ५० येतं, असं का?

उत्तर: अहो तुमच्या स्टेप ५ पासून मोजल्या तर ५, १५, २५, ३५, ४५ एवढ्याच होतात, ५० त्यात बसतच नाही. जावास्क्रिप्टमधे ५० टाकलं की (५० वजा ५) भागिले १० म्हणजे ४.५, मॅथ राउंड त्याचे ५ करतं, त्याला १० ने गुणून ५ मिळवले की ५५ येतात आणि मग क्लॅम्प बिचारा ते ५० वर आणून सोडतो. पायथनमधे हाच राउंड ४.५ चे ४ करतो (बरोबर अर्धा असला की सम आकड्याकडे झुकतो ना), म्हणून तिथे ५० टाकल्यावर ही भानगड दिसत नाही. क्लॅम्पची वरची मर्यादा सरळ ४५ ठेवा.