गोदावरीसारखी क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट बत्तीस वर्षांतच निवृत्त का केली?

तुमचा प्रश्न असा की, आमच्याकडचे साखर कारखाने पन्नास-पन्नास वर्षं चालतात, मग एवढं महागडं लढाऊ जहाज बत्तीस वर्षांत निकालात का काढायचं?

मी गोदावरी वर्गाच्या जहाजावर बॉयलर रूममध्ये होतो. आता चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवरच आहे, म्हणून उत्तर देतोय. (बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यामुळे आमच्या भागात फौजी म्हणजे पायदळातला. गावात मला अजून "बटालियन कंची?" असंच विचारतात.)

आधी जहाजाबद्दल. नीलगिरी वर्गाच्या फ्रिगेटी आपण ब्रिटिश लिअँडर नमुन्यावर माझगाव डॉकमध्ये बांधल्या. नौदलाला पुढच्या जहाजावर रशियन क्षेपणास्त्रं हवी होती आणि दोन सी किंग हेलिकॉप्टरंही. जागा पुरेना, म्हणून आपल्याच डिझाइनवाल्यांनी जहाज वाढवून सुमारे १२६ मीटरचं केलं, पण यंत्रं तीच जुनी ठेवली: दोन बॉयलर, वाफेची टर्बाइनं, ३०,००० अश्वशक्ती. एवढं थोराड जहाज त्याच ताकदीवर २७ नॉट पळालं, म्हणजे वेगात फक्त एखाद्या नॉटची घट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). मला त्या जहाजाची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. मात्र रशियन यंत्रांना वीज एका तऱ्हेची, पाश्चात्त्य यंत्रांना दुसऱ्या तऱ्हेची. इलेक्ट्रिकलवाल्या पोरांचे हाल विचारू नका.

गोदावरी १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आली, २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाली. त्याच वर्गातली गंगा १९८५ ते २०१८, गोमती १९८८ ते २०२२. म्हणजे तिघींनीही बत्तिशी गाठली.

आता आयुष्य कशानं खचतं ते सांगतो. बाहेरच्या पत्र्याचं एवढं काही नाही. डॉकमध्ये घेतात, जाडी मोजतात, झिजलेला पत्रा कापून नवा जोडतात, तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. गंज जस्त खातो, पोलाद वाचतं. खरी भीती पाण्याची. टर्बाइनमधून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करायला नळ्यांतून समुद्राचं पाणी फिरतं. एका नळीला सुईएवढं भोक पडलं तरी खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात शिरतं आणि बॉयलरच्या नळ्या आतून कुरतडल्या जातात. म्हणून परीक्षानळीत पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिलं की जीव भांड्यात. दुधाळ झालं की धावाधाव.

कारखान्यात हेच उलटं. इथं भीती मिठाची नाही, साखरेची. उसाचा रस वाफेनं तापवणाऱ्या भांड्यांतून बॉयलरकडे परत येणाऱ्या पाण्यात साखर आली तर बॉयलर गेला. लॅबवाला अल्फा नॅप्थॉल टाकून जांभळं कडं येतंय का बघतो. शिफ्ट बदलताना मी त्याला "नीर हेंग ऐती?" (कानडीत, पाणी कसं आहे?) विचारल्याशिवाय डबा उघडत नाही.

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. तुम्ही म्हणता तो कारखाना पन्नास वर्षांचा असतो तो कागदावर. आतला बॉयलर कधीच बदललेला असतो. गळीत हंगाम संपला की भिंत पाडा, क्रेन लावा, जुना काढा, नवा बसवा. जहाजात बॉयलर तळाशी, वर डेकमागून डेक, त्यांत केबली, पाइप, माणसांच्या झोपायच्या जागा. तो आधी बसवून वर जहाज चढवलेलं असतं. नळ्या बदलता येतात, अख्खा बॉयलर काढायचा तर जहाजच फाडावं लागतं. त्यात तीस वर्षांपूर्वीच्या रडारचे, क्षेपणास्त्रांचे सुटे भाग कुठून आणणार? एवढा खर्च करूनही हातात जुनंच जहाज. मी हिशेबाला बसलो असतो तरी निवृत्तच केलं असतं.

आपण बांधलेल्या फ्रिगेटींत २०१० च्या शिवालिकपासून वेगानं पळायला गॅस टर्बाइन आलं. ते आख्खं उचलून बाहेर काढायची वाट डिझाइनमध्येच ठेवलेली असते. आम्हाला हे सुख नव्हतं.

कारवारला गेलात तर टागोर बीचवर 'चपल' ही जुनी क्षेपणास्त्र बोट ठेवली आहे, ती बघा. तिच्यावरच्या चार जाडजूड नळकांड्यांसमोर उभे राहा. असलीच चार गोदावरीच्या नाकाडावर तोफेच्या दोन्ही बाजूंना बसवली होती, मग जहाज एवढं का वाढवावं लागलं ते दिसेल.